वाडीची शाळा आणि काचेची पाटी

ज्या मुलखात एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर खिंड ओलांडावी लागते, ज्याच्या ओढ्यांना आषाढ-श्रावणात उतार मिळत नाही, आणि ज्याच्या सपाट व सुपीक जमिनीचा मोठा हिस्सा भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर व गुंजवणी या धरणांच्या पाण्याखाली गेल्यामुळे माणसे डोंगरउतारावरील वाड्यावस्त्यांतून विखुरली, त्या मुलखात शाळा कोठे असावी हा प्रश्न शाळेत काय शिकवावे या प्रश्नाइतकाच मूलभूत ठरतो. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके अशाच मुलखाचे आहेत. त्यांपैकी वेल्ह्याला शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे. ते या भूमीस अपरिचित नाही, कारण भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात विचित्रगड, प्रचंडगड व सुधागड यांच्याप्रमाणे राजगड या नावाचाही एक तालुका होता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. या स्थित्यंतरांच्या काळात धूळपाटी गेली, दगडी पाटी आली, फळा आला, रेडिओ व दूरचित्रवाणी येऊन गेली, आणि आता विजेवर चालणारी काचेची पाटी मुलांच्या हाती येऊ लागली आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याविषयी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागविले. राज्यात अशा शाळा १४,७८३, त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक सुमारे २९ हजार ७०० असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. आणि नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील समूह शाळांकडे बोट दाखविण्यात आले. एका डोंगरी केंद्रातील प्रयोग असा अवघ्या राज्याच्या विचाराचा विषय झाला.

पुढील संवाद कल्पित आहे. परंतु त्यातील दोन्ही पक्ष या डोंगरांत खरोखर नांदतात. गुरुजी हे १९६३ साली जिल्हा परिषदेच्या नोकरीत रुजू झालेले, आता निवृत्त असलेले शिक्षक. बाई या आज एका द्विशिक्षकी शाळेत शिकविणाऱ्या तरुण शिक्षिका. बाईंच्या वडिलांनाही गुरुजींनीच शिकविले होते. तथापि शाळेविषयी बोलताना गुरुजी त्यांना पदाचा मान राखून 'तुम्ही'च म्हणतात. वयावरून पाहता गुरुजींनी पाटीची बाजू घ्यावी आणि बाईंनी यंत्राची; पण ज्याने अभाव भोगला तोच साधनसंपन्न मोठ्या शाळेचा कैवारी झाला, आणि जिच्या हाती साधने आली तिलाच त्यांच्या मर्यादा जवळून दिसल्या.

गुरुजी : बाई, वाडीची शाळा कायम राहावी हा तुमचा आग्रह मला ठाऊक आहे आणि त्यामागील माया मी ओळखतो. परंतु अशाच एकशिक्षकी शाळांतून माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून तिचे खरे रूप तुमच्यापुढे ठेवणे मला प्राप्त आहे. शाळा म्हणजे कोणाची तरी पडवी, नाहीतर मारुतीच्या देवळाचा सभामंडप. चार इयत्ता, एक खोली, एक मास्तर. पाच तासांचे अध्यापन चार इयत्तांत वाटले तर एकेका इयत्तेच्या वाट्याला सवा तास येतो, आणि उरलेले पावणेचार तास त्या मुलांना काहीतरी लिहीत बसवून ठेवणे एवढेच मास्तराच्या हाती राहते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी कोळशाची पूड धोतऱ्याच्या पाल्यात वाटून आम्ही फळा काळा करीत असू. आणि पावसाची झड लागली की हवेतील दमटपणाने तोच फळा असा ओलसर होई की खडू त्यावर घसरे, पण उमटत नसे. इरली आणि घोंगड्या ओलीचिंब, कोपऱ्यात शेकोटी, खोलीभर धूर, आणि अशा काळात भाताच्या आवणीला अर्धी मुले खाचरांत. हजेरीपत्रकात पट दिसे. खोलीत मुले दिसत नसत. ज्याला आज लोक शांत, नैसर्गिक, मायेचे शिक्षण म्हणून आठवतात, त्याचा फार मोठा भाग हा केवळ दारिद्र्य होते. त्या दारिद्र्यातून एका मुलाला जरी आपण सुखरूप बाहेर काढू शकत असू, तर त्याला रोखण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

बाई : गुरुजी, त्या दारिद्र्याचे रक्षण करावे असे मी म्हणतच नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच. त्या खोलीत मूल स्वतः काय करीत होते आणि आजच्या खोलीत ते काय करते, याचा ताळा आपण कधी घातला आहे का? तुम्ही गणित घालीत होता, मुले पाटीवर सोडवीत होती, आणि 'पाट्या दाखवा' असे म्हणताच वर्गातील प्रत्येक डोक्यात काय चालले आहे ते एका दृष्टिक्षेपात तुमच्यापुढे उभे राहत होते. कोणी हातचा विसरला, कोणी शेजाऱ्याचे पाहून लिहिले, कोणी कोऱ्या पाटीमागे तोंड लपविले, हे कळण्यास तुम्हांला चाचणी घ्यावी लागत नव्हती. चुकले तर पुसून पुन्हा लिहायला फडके हाताशी होते, आणि चुकीची नोंद कोठेही उरत नव्हती. आता माझ्या वर्गात भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर चंद्रग्रहण दिसते, हृदयाचे ठोके दिसतात, रंगीत कविता चालीवर वाजते. मुले तल्लीन होतात, हे मी नाकारीत नाही. पण अर्ध्या तासाने पडदा बंद केल्यावर मी पाहते तेव्हा एकाही मुलाचा हात हललेला नसतो. साधन जुने की नवे, स्वस्त की महाग, यावरून मी त्याचे मोल करीत नाही. ते मुलाच्या हाती काय ठेवते, ही माझी कसोटी आहे.

गुरुजी : कसोटी मला मान्य आहे, पण ती लावताना त्या खोलीत कोण बसले होते हेही पाहा. माझे वडील संस्थानच्या अमलात शिकले. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत, मग बोरूने कित्ता वळवीत, बाळबोध झाले की मोडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी त्यांना म्हातारपणीही मुखोद्गत होत्या, आणि बाजारात साडेतीन पायलीचा हिशेब ते कागदाविना करीत. विद्या त्यांच्या हाती होती, यात शंका नाही. परंतु त्याच काळात आमच्या घरातील एकाही मुलीने पाटीला हात लावला नाही, आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलांना या देशातील कितीतरी शाळांत दाराबाहेर, ओट्यावर बसून आतला आवाज ऐकावा लागे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा असे निवेदन केले. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा आरंभ करून १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. शाहू छत्रपतींनी करवीरात १९१७ साली तेच केले. या सर्वांच्या मनात एकच गोष्ट होती, ती ही की उत्तम साधन थोड्यांच्या हाती असण्यापेक्षा पुरेसे साधन सर्वांच्या हाती असणे न्यायाचे आहे. पुस्तकाचेच उदाहरण घ्या. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली, आणि पुण्याच्या पेठेतील मुलाला जे पुस्तक मिळे तेच पुस्तक, त्याच चित्रांसह, तोरण्याच्या पायथ्याच्या मुलाला मिळू लागले. आज त्याच पुस्तकावरील चौकोनी सांकेतिक चिन्हातून २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या व्यवस्थेवरील पाठ उघडतो. मला त्यात फुल्यांपासून चालत आलेल्या त्याच कार्याचा पुढला टप्पा दिसतो.

बाई : टप्पा आहे, गुरुजी, पण प्रत्येक टप्प्याचे पहिले वर्ष सर्वांना आठवते आणि तिसरे वर्ष कोणी पाहत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा योजना निघाली आणि १९८७ पासून ती अमलात आली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्याचा संच, असे तिचे स्वरूप होते. त्यांपैकी टिकले काय? खोली टिकली, आणि दुसरा शिक्षक टिकला. संचाचे काय झाले ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. भिंगे, लोहचुंबक, तराजू, परीक्षानळ्या यांची नोंद डेडस्टॉकच्या वहीत झाली. काही फुटले तर तपासणीत शेरा पडेल आणि भरपाई आपल्या अंगावर येईल या धास्तीने मास्तरांनी सगळे कपाटात ठेवून कुलूप घातले. मुलांनी भिंग पाहिले ते कपाटाच्या जाळीतून. आजही तेच होते. पडदा येतो तो लोकवर्गणीतून, नाहीतर एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून. फीत कापली जाते, फोटो निघतो. पुढे वीजबिल थकले म्हणून जोडणी तुटते, बॅटरी फुगते, दुरुस्तीसाठी ती पुण्याला पाठवावी लागते. शाळेच्या सादिलवार खर्चात खडू, वह्या, झाडू बसवितानाच ओढाताण होते. तेथे यंत्राची दुरुस्ती कोठून बसणार? पाटी फुटली तर आठवड्याच्या बाजारातून बाप दुसरी आणीत होता. यंत्र बिघडल्यावर त्याला जबाबदार कोण, हे जोवर मंजुरीच्या हुकमातच लिहिलेले नाही, तोवर ते यंत्र शाळेचे झाले असे मी मानीत नाही.

गुरुजी : तुम्ही जे सांगितले तो प्रशासनावरील आरोप आहे, आणि तो खरा आहे, पण त्याचे उत्तर मोठ्या शाळेतच सापडते. दहा-बारा वाड्यांत दहा-बारा पडदे बंद पडून राहण्यापेक्षा एका ठिकाणी वीज, पाणी, ग्रंथालय, क्रीडांगण, संगणक आणि विषयवार शिक्षक असणे शहाणपणाचे नाही का? ते १४,७८३ शाळांचे आकडे मांडून पाहा. शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि शिक्षकामागे सहा. इतके मनुष्यबळ खर्ची पडूनही चौथीतल्या मुलाला आपल्या वर्गात दुसरे मूल मिळत नाही. २०१८ साली पानशेतच्या पलीकडील डोंगरांतल्या चांदर या गावच्या शाळेची हकीकत वर्तमानपत्रांतून देशभर गेली. शाळेत विद्यार्थी एकच उरला होता. त्या एकासाठी शिक्षक दरडीलगतच्या कच्च्या वाटेने रोज दुचाकी हाकीत येत, आणि विजेची सोय नसल्याने सौर पट्टीच्या आधारे पडद्यावर व टॅबवर पाठ दाखवीत. त्या शिक्षकाच्या निष्ठेपुढे मी मस्तक नमवितो. परंतु त्या मुलाचा विचार मनातून जात नाही. कबड्डी खेळायला त्याला कोण? आपले उत्तर चूक आहे असे सांगणारा, त्याच्याशी भांडणारा, त्याच्याहून पुढे जाणारा सवंगडी कोठे? मूल मुलांत शिकते. तेवढ्यासाठी बस करावी लागली तर बस करावी, वसतिगृह लागले तर वसतिगृह बांधावे.

बाई : चांदरची हकीकत वाचून मलाही वाईट वाटले, पण मला त्यातून दुसरेच दिसले. शिक्षकाला जी वाट दुचाकीवरून जिवावर उदार होऊन काढावी लागत होती, तीच वाट सहा वर्षांच्या मुलाने रोज दोनदा काढावी, असे आपण सुचवितो आहोत का? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वये पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले, ते कोणाच्या लहरीखातर नव्हे. समूह शाळेची बस पानशेतच्या रस्त्यावर धावते. वाडी रस्त्यावर नाही. वाडीपासून रस्त्यापर्यंत ओढा आहे, साकव आहे, रान आहे, आणि काही ठिकाणी तर जलाशयाचे पाणी आडवे असल्याने होडी आहे. दरड कोसळली की बस थांबते, आणि ज्या निधीवर बस चालते त्याची मुदत सरली की ती कायमचीच थांबू शकते. त्या वेळी कोण घरी राहील? मुलगा मामाच्या गावी जाईल. मुलगी घरी राहील. धनगरवाड्यावरचे मूल गुरांमागे जाईल, कातकऱ्याचे मूल आईबापांमागे वीटभट्टीवर जाईल. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहिले तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. अंगणात अंगणवाडी नेली आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा भरविली. शाळेनेच मुलाकडे जावे, हा मार्ग याच महाराष्ट्राने साऱ्या देशाला दाखविला. तो आपणच सोडावा काय?

गुरुजी : अनुताईंचे नाव घेतलेत, ते योग्यच. परंतु त्यांनी कुरणात शाळा नेली ती मुलाला कुरणातच ठेवण्यासाठी नव्हे. आणखी एक बोलतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राज्याने 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' हा उपक्रम काढला, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. शहरातील मूल मोबाईलवर वर्गात बसले. आमच्या वाड्यांत काय झाले? जूनच्या आरंभी निसर्ग चक्रीवादळ मावळपट्ट्यावरून गेले, त्याने घरांचे आणि शाळांचे पत्रे उडविले, विजेचे खांब पाडले. मुले रेंज शोधीत टेकाडावर जाऊन बसत. ज्या सिंहगडावरील मनोऱ्यातून पुण्याला दूरदर्शन दिसू लागले, त्याच्या मागल्या अंगाच्या खोऱ्यांत पन्नास वर्षांनीही लहरी पोहोचत नाहीत, याला मी अन्यायच म्हणतो. तुम्ही यंत्राचे दोष दाखविता ते बरोबर. पण यंत्र नसण्याचेही दोष असतात, आणि ते नेहमी त्याच माणसांच्या वाट्याला येतात.

बाई : त्या वर्षाने मला जे शिकविले ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मी स्वाध्यायांचे कागद घेऊन वाडीवाडीला जात असे, ओट्यावर चार-पाच मुले दूरदूर बसवीत असे. पहिलीतली एक मुलगी वाचताना प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर गिळायची. कितीदा सांगितले तरी तिला ते उमगत नव्हते, कारण आपण चुकतो आहोत हेच तिच्या कानाला ठाऊक नव्हते. एके दिवशी तिचे वाचन मी मोबाईलवर टिपले आणि तिलाच ऐकविले. ती दचकली. 'परत', म्हणाली. पुन्हा वाचले, पुन्हा ऐकले. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच थांबून शब्द पुरा केला. माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या मोबाईलला त्या क्षणी रेंज नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. त्यानंतर मी चौथीच्या मुलांना प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, तो उलटा बसवून पर्जन्यमापक करायला लावले. रोज सकाळी ठरल्या वेळी ती मुले पट्टीने पाणी मोजीत, वहीत मांडीत, आठवड्याची बेरीज करीत, आणि रेंज मिळेल त्या दिवशी धरणाच्या साठ्याचे आकडे मोबाईलवर काढून आपल्या आकड्यांशी ताडून पाहत. आपल्या वाडीवर पाऊस कोसळला तरी धरणाचे पाणी दुसऱ्या दिवशी का चढते, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. पुस्तकात तो कोठेही नव्हता. यंत्राला मी विरोध करते असे आपणांस वाटत असेल तर तो माझ्या बोलण्याचा दोष आहे. भोरच्या सीमेपलीकडे, साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळांनी फरशीवर रंगाने आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या आणि शब्दपट्ट्या एवढ्यावर मुलांना स्वतः शिकते केले, आणि २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला तेव्हा त्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. फरशीवरचा रंग आणि मुलीचा आवाज टिपणारा मोबाईल या दोहोंना मी एकाच पंक्तीत बसविते. दोन्ही ठिकाणी काम मूल करते.

गुरुजी : हे मला पटले, बाई, आणि मनापासून पटले. आमच्या काळी टकळीवर सूत काढण्याचा मूलोद्योग आला होता, तोही याच विचाराने. हाताने शिकावे, कामातून शिकावे. पण तो तासापुरता आणि तपासणीपुरता उरला, कारण कापसाचे एक बोंडही न पिकणाऱ्या आमच्या भातखोऱ्याला टकळी परकी होती. तुमचा पर्जन्यमापक इथल्या पावसाचा आहे. तथापि मूळ प्रश्न तसाच राहतो. तुमच्यासारखी शिक्षिका असेल तेथे वाडीची शाळाही फुलेल. परंतु व्यवस्था आखायची ती सामान्य शिक्षक गृहीत धरून. तुमची उद्या बदली झाली तर त्या चार मुलांचे काय? मोठ्या शाळेत एक कच्चा शिक्षक सहा चांगल्यांच्या संगतीने सावरतो. एकशिक्षकी शाळेत तो कच्चा असला तर मुलाची चारही वर्षे वाया जातात, आणि कोणाला कळतही नाही.

बाई : या प्रश्नाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणीत नाही. एवढेच म्हणते की त्याचा उपाय शिक्षकांना एकत्र आणण्यात आहे; लहान मुलांना घरापासून तोडण्यात नाही. केंद्रातील लहान शाळांनी महिन्यातून दोन-तीन दिवस केंद्रशाळेत एकत्र भरावे; तेथे खेळ, प्रयोग, ग्रंथालय, सामायिक पाठ व्हावेत; मुलांना सवंगडी मिळावेत आणि आम्हांलाही. चौथीपर्यंत मूल वाडीत शिकावे, पाचवीपासून ते खुशाल पानशेतला, वेल्ह्याला, भोरला जावे. आणि खर्चाची गोष्ट निघते तेव्हा मला या खोऱ्यांचा इतिहास आठवतो. भाटघरच्या पाण्याने वेळवंड खोरे बुडाले आणि नीरेच्या कालव्यांवर बारामती-फलटणचा ऊस उभा राहिला. पानशेत-वरसगावच्या पाण्याने पुणे शहर पाणी पिते. १९६१ साली पानशेत फुटले तेव्हा पुण्याचे झालेले नुकसान अजून सांगितले जाते. ज्यांची गावे त्या धरणात आधीच गेली होती त्यांचे कोणी विचारीत नाही. जमीन गेली म्हणून माणसे उतारावर पांगली. पांगली म्हणून वाड्या लहान झाल्या. वाड्या लहान म्हणून आता शाळा परवडत नाही! सहा मुलांमागे एक शिक्षक हे महाग वाटते खरे, पण राज्यावर या खोऱ्यांचे जे देणे आहे त्यातला तो हप्ता समजावा.

गुरुजी : देणे आहे, हे मी तुमच्याहून मोठ्याने सांगेन; मी ती गावे उठताना पाहिली आहेत. पण देणे चुकवायचे तर ते किमान शाळा देऊन चुकविले असे मी म्हणणार नाही. ज्यांनी शहराला पाणी दिले त्यांच्या मुलांना शहराच्या तोडीची प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण मिळाले पाहिजे, आणि ते बारा मुलांच्या शाळेत मिळणे शक्य नाही. चौथीपर्यंत वाडीत, ही तुमची अट मी स्वीकारतो, ती देखील एका अटीवर: वाडीची शाळा राहील तेथे दोन शिक्षक राहिले पाहिजेत, आणि तुम्ही म्हणता ते एकत्र भरण्याचे दिवस वेळापत्रकात असले पाहिजेत, ते मुख्याध्यापकाच्या मर्जीवर सोडता कामा नयेत. त्यापुढे मात्र मी बसच्या आणि वसतिगृहाच्या बाजूने उभा राहीन.

बाई : आणि मी बसच्या आधी साकवाच्या आणि रस्त्याच्या बाजूने. वाट झाल्यावर बस येऊ द्या. वाट होण्यापूर्वी शाळा उठवू नका.

येथे दोघांचे एकमत झाले असे म्हणता येणार नाही. मोठ्या शाळेने मुलाचे क्षितिज विस्तारते यावरील गुरुजींचा विश्वास अढळ राहिला, आणि लहान मुलाला घराजवळची शाळा हवी हा बाईंचा आग्रहही. परंतु दोन्ही पक्ष शांतपणे ऐकून घेतल्यावर प्रस्तुत लेखकाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. चार पिढ्यांत साधने बदलली, पण ती शाळेत पाठविण्याची आपली रीत बदलली नाही: वस्तू आधी मंजूर होते, तिची दुरुस्ती, ती वापरणारा माणूस आणि तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट यांचा विचार मागून होतो, किंवा होतच नाही. खडू-फळा योजनेतून शिक्षक व खोली टिकली आणि संच कपाटात गेला, हा धडा पुरेसा बोलका आहे. यापुढे टॅब, पडदा किंवा समूह शाळा यांपैकी कशाचाही हुकूम निघेल तेव्हा त्यातच तीन बाबी लिहिल्या जाव्यात. दुरुस्तीचा व विजेचा वार्षिक खर्च कोणत्या शीर्षाखाली पडेल. ते साधन वापरून मूल स्वतः काय लिहील, बोलेल किंवा मोजील. आणि पावसाळ्यात सर्वांत दूरच्या वस्तीतील सर्वांत लहान मुलगी तेथवर कशी पोहोचेल. यांतील एकाचेही उत्तर नसेल तर तो हुकूम अपुरा समजून परत पाठविण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला असावा. कारण त्या समितीत बसणारे आईबाप त्या मुलीची वाट रोज डोळ्यांनी पाहतात, आणि मंत्रालयातील दप्तराला ती कधीच दिसत नाही.